आंबटलेला समुद्र

१. उताणी कोळंबी

कोळंबी आज झेयानाच्या बोटाकडे आली नाही.

एरवी टाकीत बोट बुडवलं की ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी दगडामागून तुरुतुरु यायची आणि एखाद्या न्हाविणीच्या तोऱ्यात नखांच्या कडा कोरून द्यायची. आज ती वाळूवर उताणी पडली होती. पंपाच्या लाटेनं मिशा हलत होत्या, म्हणून क्षणभर जिवंत वाटली इतकंच. काचेवरच्या गोगलगायी सुटून खाली पडल्या होत्या. केशरी माशांची जोडी पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं उघडत होती, मिटत होती.

"म्वानाइशा!" तिनं नणंदेला हाक मारली. हाकेसरशी कपाळात घण बसला. हल्ली सकाळी हे असंच व्हायचं.

म्वानाइशा आली ती जांभई देतच. बाळंतपणाचे चाळीस दिवस पुरे होईपर्यंत झेयानानं खोलीबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. मोंबासाच्या जुन्या शहरात घराण्याचं नाव सांगणाऱ्या घरांतून असंच चालतं. टाकी याच खोलीत होती खरी, पण बाळंतिणीनं ओल्यात हात घालायचा नाही, असा सासूचा दंडक. एक बोट ती चोरून बुडवायची तेवढंच. पाणी तपासायचं काम नणंदेकडे.

म्वानाइशानं नळीत पाणी घेऊन बाटलीतले थेंब टाकले. रंग निळसर हिरवा यायला हवा होता. पिवळट आला.

"परत आंबट," ती म्हणाली. "काल संध्याकाळी चांगलं होतं, वहिनी. तू पाहिलंस."

पाहिलं होतं. रात्री दिवा मालवला की पाणी थोडं आंबट होतंच, हेही तिला ठाऊक होतं. किलिफीच्या कॉलेजात ती समुद्रातल्या जिवांचं शास्त्र शिकली होती. खाऱ्या पाण्यातला जीव एक वेळ वाईट पाणी सोसेल, पण बदलतं पाणी सोसत नाही. समुद्र कधी एका रात्रीत मत बदलत नाही, म्हणून त्याच्या लेकरांना तशी सवयच नसते. टाकी पाळणं म्हणजे मासे पाळणं नव्हेच. पाणी होतं तसं ठेवणं. उडालं तेवढं गोडं पाणी रोज भरायचं, उष्मा सांभाळायचा, खारटपणा सांभाळायचा. लग्न होऊन आली तेव्हा सासू शेजारणींना म्हणाली होती, "लोकांच्या सुना दागिने घेऊन येतात, आमची समुद्र घेऊन आली!" त्या समुद्राचा रंग तिनं आजवर ढळू दिला नव्हता.

"कुणीतरी काहीतरी टाकतंय," म्वानाइशा म्हणाली.

झेयानाच्या मांडीवर नुहू होता. दोन घोट घेऊन, दूध ओठांवर तसंच ठेवून, परत झोपला होता. गालाला बोट लावलं, तळव्याला गुदगुल्या केल्या. डोळा उघडला नाही.

या खोलीत कोण कोण येतं? घरातलीच माणसं. आणि जो हात टाकीपर्यंत पोचतो, त्याला तिच्या पेजेची वाटी किती लांब? जे तिच्या पोटात जातं, ते उद्या बाळाच्या.

तिनं नुहूला इतकं घट्ट धरलं की तो रडायला हवा होता. तो रडला नाही.

२. बादलीतलं पाणी

टाकीचं पाणी आणि मासे पुरवायचा साइदी. खाडीकाठच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो डुबक्या मारून आणलेले मासे विकायला ठेवायचा. परपुरुष बाळंतिणीच्या खोलीत यायचा प्रश्नच नव्हता. तो जिन्याच्या तळाशी उभा राहून ओरडायचा.

"मास्तरीणबाई! माझं पाणी भरतीचं आहे, खोल समुद्राचं. त्यात खोट काढाल तर जीभ झडेल!"

"खोट तुझ्या पाण्यात नाही, टाकीत आहे," झेयाना पलंगावरून म्हणाली. म्वानाइशानं ते जिन्यावरून खाली पोचवलं, वर आपल्या पदरचं घातलं, "आणि जीभ कुणाची झडेल ते बघू."

"मग टाकीतलं द्या पाठवून. माझ्या बाटल्यांनी तपासतो."

म्वानाइशा बादली घेऊन गेली. गल्ल्यागल्ल्यांतून, मासळीबाजारामागून, खाडीपर्यंत. परत आली तेव्हा तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"पाणी चांगलं आहे म्हणतो. अगदी निळं-हिरवं आलं, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणाला, तुमच्या बाटल्या नासल्यात, फेकून द्या."

झेयानानं त्याच्याच बाटल्या मागवल्या. दुसऱ्या सकाळी त्याच बाटल्यांनी, त्याच टाकीचं पाणी. पिवळट.

पुन्हा बादली गेली. पुन्हा तिथं चांगलं.

झेयानानं डोळे मिटले. विचार करायचा म्हटलं की डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. कॉलेजात शिकलेलं सगळं त्या कापसापलीकडे कुठंतरी होतं, हाक मारली तरी येत नव्हतं. तिनं एवढंच केलं की मासे तडफडताहेत म्हणून हवेचा पंप आणखी मोठा करायला सांगितला. बुडबुडे खळखळू लागले. त्यानं फायदा व्हायला हवा होता. दुसऱ्या सकाळी रंग अधिकच पिवळा आला.

एकच पाणी. या खोलीत विषारी, खाडीवर शुद्ध. म्हणजे एकतर साइदी खोटं बोलत होता, नाहीतर वाटेत बादलीतलं पाणी बदललं जात होतं.

आणि बादली नेणारी एकच होती.

३. लिंबाच्या फोडी

"म्हणजे मी?" म्वानाइशा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी तुझ्या माशांना मारते, मग स्वच्छ पाणी भरून साइदीला दाखवायला जाते? एवढी अक्कल असती तर एव्हाना माझं लग्न झालं असतं!"

"मी कुठं म्हटलं तसं?"

"डोळ्यांनी म्हटलंस." ती टाकीशेजारी बसली. "ही खोली माझी होती, ते खरं. थंड भिंत आहे म्हणून टाकी इथं आली, टाकीमागून तू आलीस, तुझ्यामागून हे गाठोडं आलं. मला गच्चीखालची पत्र्याची खोपटी मिळाली. राग येतो, वहिनी. पण रागावून मी जास्तीत जास्त तुझ्या पेजेत मिरी जास्त घालीन."

ते इतकं खरं वाटलं की झेयानाला हसू आलं, आणि हसताना डोकं पुन्हा ठणकलं.

मग कादझो. ती कालोलेनीकडची, या घरात कामाला येऊन बरीच वर्षं झालेली. फडका, बादली, संध्याकाळची शेगडी, सगळं तिच्याच हातचं. तिच्या फडक्यात म्वानाइशाला लिंबाच्या पिळलेल्या फोडी सापडल्या होत्या.

"काचेवर मिठाचे डाग पडतात, ते लिंबानं जातात," कादझो म्हणाली. "बाहेरून पुसते. आत कशाला हात घालू? ते मासे मला बघून तोंड वाकडं करतात."

"तुला ते आवडत नाहीत ना?"

"खरं सांगू? आमच्या गावी बाया डोक्यावर हंडा घेऊन पाण्यासाठी टेकडी चढतात. इथं माशांसाठी समुद्रावरून पाणी माणसाच्या खांद्यावर येतं. मी म्हणते, पुढच्या जन्मी देवानं मला हाच केशरी मासा करावं." ती शेगडीतले निखारे फुंकत होती, राखेचे कण तिच्या भुवयांवर बसले होते. "पण मारीन कशाला? मेला तर मी जन्म कुठं घेऊ?"

दार लोटून सासू आत आली. बी मैमुना. अंगभर काळं, हातात उदाची डबी. तिनं निखाऱ्यांवर चिमूट सोडली, खोलीभर गोड धूर पसरला. मग नेहमीप्रमाणे खिडकीशी जाऊन फळ्यांच्या फटींत कोंबलेली, अंगावर गुंडाळायच्या जुन्या सुती लेसोची चिंधी नीट दाबून बसवली. वारा आत येता कामा नये. छताचा पंखाही तिनं बाळ झाल्या दिवसापासून बंद करवला होता.

"उम्मी, थोडी खिडकी उघडू या? डोकं फार दुखतं."

"बाळंतिणीचं डोकं दुखतंच. वारं लागलं तर त्याहून वाईट दुखेल." तिनं नुहूकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "किती शहाणं बाळ. रडत नाही, पिडत नाही. माझा थोरला असाच होता."

अथमान, झेयानाचा नवरा, जहाजावर इंजिन सांभाळायचा. त्याच्याआधी एक मूल झालं होतं, हे तिनं अर्धवट ऐकलं होतं. सासूच्या तोंडून आजपर्यंत कधीच नाही.

"रजब नाव ठेवलं होतं. याच खोलीत होते मी. पावसाळी दिवस, माझी आई लामूहून आली होती बाळंतपण करायला. एका पहाटे मला गरगरलं म्हणून तिनं ही खिडकी जराशी उघडली, आणि तेवढ्यात वारं आत शिरलं. त्याला उचललं तर गेलेला. कुठं डाग नाही, ओरखडा नाही. ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. धुवायला आलेल्या बाया म्हणाल्या, एवढं देखणं प्रेत पाहिलं नाही, हा झोपलाच आहे." तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. "खिडकीचं नाव काढू नकोस, पोरी."

झेयानानं खिडकीवरची नजर काढून घेतली. त्या दुःखापुढे आपलं डोकं ते काय.

जाताना सासू टाकीकडे बोट करून म्हणाली, "समुद्राला घरात कोंडून ठेवायचं नसतं. तो सूड घेतो. पण माझ्या घरात कोणी विष कालवत असेल, तर मी त्याला शोधीन. आणि मला वाटतं, मला ते सापडलंय."

ती लिंबाच्या फोडी मुठीत घेऊन गेली.

४. कादझो जाते

निकाल झेयानाला विचारून लागला नाही. खालून आवाज आले. आधी सासूचा, मग कादझोचा, मग कुणाचाच नाही. कादझो वर आली ती हातात पिशवी घेऊन.

"मी निघते, ताई."

झेयानाला म्हणायचं होतं, थांब. पुरावा कुठाय? पण मांडीवर नुहू होता, आणि त्याच्या तोंडाशी जाणाऱ्या प्रत्येक घोटाची तिला भीती होती. कादझो नसेल, तर कोण? कादझो असेल, तर? तिनं नुहूवर पदर ओढला. आई झालं की माणूस न्यायाचं बघत नाही, हे तिला त्या घटकेला कळलं, आणि आवडलं नाही.

"माझ्या हातून काही चुकलं असेल तर..." झेयाना पुटपुटली.

"तुमच्या हातून काही होतच कुठं?" कादझो म्हणाली. शब्द कडू होते, आवाज नव्हता. "पलंगावर बसवून ठेवलंय तुम्हाला. बरं, आता शेगडी कोण वर आणणार? मोठ्या बाईंचे गुडघे ओझं घेऊन जिना चढत नाहीत." आणि ती गेली.

त्या संध्याकाळी शेगडी आली नाही. म्वानाइशानं तव्यावर फडकी गरम करून शेक दिला.

सकाळी नळीतलं पाणी निळसर हिरवं आलं.

म्वानाइशानं नळी उजेडाकडे धरली, परत धरली. मासे खाली उतरून दगडाभोवती फिरत होते. झेयानाचं डोकं हलकं होतं. आणि नुहू? नुहू पहाटेपासून रडत होता. पाय झाडत, मुठी वळत, घर डोक्यावर घेत, पोटभर पिऊन पुन्हा रडत.

"कादझोच होती तर," म्वानाइशा हळूच म्हणाली.

झेयानानं मान डोलावली. आनंद झाला नाही, पण सुटल्यासारखं झालं. चोर सापडला होता.

सासू मात्र रडणं ऐकून कासावीस झाली. जिन्याच्या तळाशी येऊन ओरडली, "असा कधी रडत नव्हता ग! गारठा बसला, वारं लागलं त्याला. शेगडीवाचून भागायचं नाही. म्वानाइशा, आज तू ने वर. निखारे जास्त घाल. नारळाच्या करवंट्यांचे घाल, ते जास्त वेळ धगधगतात."

संध्याकाळी म्वानाइशानं काठोकाठ भरलेली शेगडी वर आणली. उदाचा वास दरवळला. नुहू हळूहळू शांत झाला.

"बघ," सासू खालून म्हणाली. "झोपला की नाही?"

५. अंगणातला पेला

सकाळी केशरी माशांतला एक आडवा तरंगत होता.

झेयानाला उठता येईना. पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. म्वानाइशानं थेंब टाकले. असा पिवळा रंग आजवर कधी आला नव्हता.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. कादझो दूर कालोलेनीत, आणि पाणी इथं आंबलेलं. आता टाकीला हात लावणारी उरली एकच. झेयानानं मान वर केली नाही, पण म्वानाइशाला तेवढं पुरे झालं.

"बोल ना! म्हण, म्वानाइशा, तू मारलंस!" तिचे डोळे भरून आले. "लिंबू पिळलं, व्हिनेगर ओतलं, चिंच कालवली. म्हण!"

"दुसरी बाटली," झेयाना म्हणाली.

"काय?"

"साठ्याची बाटली. ती कधी तपासलीच नाही आपण."

समुद्राच्या पाण्यात आंबटपणा गिळून टाकणारा एक साठा असतो. कुणी लिंबू पिळलं, व्हिनेगर ओतलं, तर तो साठा खर्ची पडतो. हे तिला आत्ता, कापसाच्या एका फटीतून, आठवलं होतं. म्वानाइशानं नाक ओढत नळीत त्या बाटलीतले थेंब टाकायला सुरुवात केली; पहिल्याच थेंबानं पाणी निळं झालं. ते गुलाबी व्हायला नेहमी जितके थेंब लागायचे, तितकेच लागले. एकही कमी नाही.

"साठा शाबूत आहे," झेयाना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला विहिरीतून आल्यासारखा वाटला. "म्हणजे कुणी काहीच टाकलं नाही. तू नाही, कादझो नाही. कुणीच नाही."

"मग आंबट कसं झालं? भुतानं केलं? या अंधारात मला रंगच धड दिसत नाही." म्वानाइशानं टाकीत पेला बुडवला. "अंगणात उजेडात नेऊन बघते. उम्मीसमोर. म्हणजे कुणी माझ्यावर आळ घ्यायला नको."

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली. दार तिच्यामागे आपोआप लोटलं गेलं.

पंपाचे बुडबुडे खळखळत होते. झेयाना त्यांच्याकडे बघत राहिली. बुडबुडे. त्यांत काय असतं? हवा. कुठली? याच खोलीतली. पंप वाढवला, पाणी बिघडलं. जेवढी हवा जास्त पाजली, तेवढं...

अंगणातून म्वानाइशाची आरोळी आली. "वहिनी! अग, चांगलं झालं! चमच्यानं ढवळलं नि तपासलं, तर निळं-हिरवं! तेच पाणी, शपथ!"

खोलीत आंबट. अंगणात चांगलं. खाडीवर चांगलं, कारण बादली गल्ल्यांतून हिंदकळत, वारा खात गेली. कादझो गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी चांगलं. कादझो गेली म्हणून नव्हे. शेगडी आली नाही म्हणून. आणि त्याच सकाळी डोकं हलकं होतं, आणि नुहू...

तिनं मांडीवर पाहिलं.

नुहू झोपला होता. मान एका बाजूला कलंडलेली. आणि ओठ लाल होते. डाळिंबाच्या दाण्यासारखे.

ती उठली. पायांनी ऐकलं नाही, ती गुडघ्यांवर पडली. बाळाला छातीशी धरून तिनं एका हातानं जमिनीवरून स्वतःला ओढलं. खिडकी उंच होती, चिंधी घट्ट होती. दार जवळ होतं. तिनं खांद्यानं दार ढकललं, जिन्याच्या दगडावर अंग टाकलं आणि ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

कोणीतरी वर धावत येत होतं.

६. गच्चीवर

दवाखान्यात नुहूच्या नाकाशी प्राणवायूची नळी लावली. तो रडला तेव्हा नर्स म्हणाली, "हा आवाज आधी आला असता तर बरं झालं असतं." झेयानालाही तीच नळी. दिवस गेला, दुसरा गेला, मग घरी सोडलं.

आता ती गच्चीवर चटईवर बसली होती. समोर म्वानाइशा, भिंतीला टेकून सासू. गुडघे दुखत असूनही ती जिना चढून आली होती. खाडीवरून वारा येत होता आणि त्याला कोणी अडवत नव्हतं. चाळीस दिवस पुरे व्हायचे होते. त्यांची मोजदाद आता कोणी करत नव्हतं.

"सांग," बी मैमुना म्हणाली. "कोण होतं ते?"

येताना वाटेत झेयानानं ठरवलं होतं, किती सांगायचं आणि कुठं थांबायचं.

"कोणी नव्हतं, उम्मी. बंद खोलीत निखारे पेटले की ते खोलीतली हवा खातात. मागं जी उरते ती पाण्यात विरघळली की पाणी आंबट होतं. मोकळ्या हवेत ढवळलं की तो आंबटपणा उडून जातो, म्हणून साइदीकडे पाणी चांगलं यायचं. तो खरं बोलत होता. म्वानाइशाही. मी पंप वाढवला, तो तीच हवा आणखी पाजत होता. मी शिकलेली, मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. पण मी तीच हवा आत घेत होते."

"आणि बाळ?"

"निखाऱ्यांतून आणखी एक वायू येतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरतो आणि माणूस झोपत जातो. मासे त्यानं मेले नाहीत, त्यांना आंबट पाण्यानं मारलं. पण दोन्ही एकाच शेगडीतून आलं. मासे आधी बोलले, एवढंच."

म्वानाइशा पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. शेवटची, काठोकाठ भरलेली शेगडी तिनं वर नेली होती. झेयानानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला, मग पुन्हा जवळ सरकली.

"कादझोला फोन केला मी," म्वानाइशा म्हणाली. "सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हणाली, मासे जिवंत झाले का? मी म्हटलं, एक उरलाय. म्हणाली, मग त्यालाच ठेवा कामाला. आणि फोन ठेवला."

कोणी हसलं नाही. रहस्य उलगडलं की सगळं जागच्या जागी येतं म्हणतात. इथं काय आलं होतं? कादझो परत येणार नव्हती. कोळंबी येणार नव्हती. आणि ज्याला गुन्हेगार म्हणावं, ते तर समोर भिंतीला टेकून बसलं होतं, नातवासाठी रोज उदाची चिमूट निखाऱ्यावर सोडणारं.

बी मैमुना चटईवरच्या नुहूकडे बघत होती. मग म्हणाली, "झोपत जातो म्हणालीस."

"हो, उम्मी."

"ओठ लाल होतात?"

झेयाना इथंच थांबणार होती. तिच्याजवळ खोटं तयार होतं, आणि ते तिनं पुढं केलं. "कधी कधी. पण रजबचं वेगळं असेल, उम्मी. त्याला ताप असेल. इतक्या वर्षांपूर्वीचं कोण सांगणार?"

"ताप नव्हता." सासूनं पदर नीट केला. "आई रोज संध्याकाळी शेगडी आणायची. खिडकीची फट स्वतःच्या हातानं बुजवायची. त्या पहाटे तिनं उघडली, तेव्हा तो आधीच गेला असेल. नाही?"

झेयानानं नुहूवरचं पांघरूण सारखं केलं. खालच्या गल्लीतून कॉफीवाल्याच्या कपांची किणकिण आली आणि लांब गेली.

"जन्मभर ती म्हणायची, मी खिडकी उघडली म्हणून गेला. मीही तिला तेच बोलले. तोंडावर बोलले." बी मैमुनानं खाडीकडे पाहिलं. "गेली बिचारी. उघडली म्हणून नाही, बंद होती म्हणून, हे तिला कळलं नाही. अल्लानं तिच्यावर केवढी मेहेरबानी केली."

तेवढ्यात चटईवर नुहू हलला, तोंड वाकडं केलं आणि त्यानं भोकाड पसरलं. झेयाना सवयीनं त्याला उचलून थोपटायला वाकली.

सासूनं तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"नको," ती म्हणाली. "गप्प नको करूस. रडू दे त्याला."